एक्स्प्लेनर: फिंच चोच उघडून श्वास घेतोय? औषधाचा थेंब टाकण्याआधी हे वाचा

डिजिटल डेस्क, सोलापूर

पिंजऱ्यातला फिंच दांडीवर पिसं फुगवून बसलाय. प्रत्येक श्वासाला शेपटी वर-खाली होतेय. चोच अर्धवट उघडी आहे. कालपासून आवाजही बंद आहे. तुमच्या घरात असा पक्षी असेल तर पुढचे काही तास महत्त्वाचे आहेत.

याच तासांत बहुतेक घरांत काय होतं? व्हिडिओ काढून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला जातो. 'सर्दी आहे', 'माइट्स आहेत', 'ऊन लागलंय' अशी तीन-चार उत्तरं येतात. कुणीतरी औषधाचं नाव सांगतं. संध्याकाळपर्यंत ते औषध पाण्याच्या वाटीत किंवा पक्ष्याच्या मानेवर पडलेलं असतं. सकाळी पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला सापडला की सगळे म्हणतात, 'फार नाजूक असतात हो हे.'

फिंच नाजूक आहे हे खरं. पण अनेकदा त्याला आजाराइतकाच आपला अंदाजपंचे उपचारही भोवतो. श्वासाचा त्रास हे लक्षण आहे आणि त्यामागची कारणं डझनभर असू शकतात. एका कारणाचं औषध दुसऱ्यात निरुपयोगी ठरतं, कधी घातकही. म्हणून क्रम असा हवा: आधी हवा, मग निदान, शेवटी औषध. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो.

त्रास ओळखायचा कसा?

पक्षी आजार लपवतात. रानात अशक्त दिसणारा पक्षी आधी शिकार होतो, म्हणून अगदी झेपेनासं होईपर्यंत तो धडधाकट असल्यासारखा वागतो. तुम्हाला लक्षण दिसलं, तेव्हा आजार बऱ्याचदा काही दिवसांचा झालेला असतो.

या खुणा बघा:

- शांत बसलेला असतानाही चोच उघडी राहणं
- श्वासाच्या लयीत शेपटी हलणं
- 'टिक-टिक' किंवा शिट्टीसारखा बारीक आवाज
- गाणं बंद होणं किंवा आवाज घोगरा होणं
- शिंका, डोकं झटकणं, दांडीवर सारखी चोच घासणं
- नाकपुडीजवळ ओल किंवा चिकटलेली पिसं
- थोडं उडून लगेच धापा टाकणं

यासाठी तुमचा मोबाइलच चांगलं उपकरण आहे. पिंजऱ्यापासून थोडं लांब राहून, पक्षी शांत असताना ३० सेकंदांचा व्हिडिओ काढा आणि स्लो मोशनमध्ये पाहा. शेजारच्या निरोगी जोडीदाराशी तुलना करा. रात्री दिवे बंद झाल्यावर फोन पिंजऱ्याजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड करा. श्वासनलिकेतल्या माइट्सची टिक-टिक दिवसाच्या गोंगाटात हरवते, रात्रीच्या शांततेत ऐकू येते.

दुसरं साधन म्हणजे वजन. झेब्रा फिंच साधारण १२ ते १५ ग्रॅमचा असतो. १२ ग्रॅमच्या पक्ष्याचं वजन १० टक्क्यांनी घटलं म्हणजे जेमतेम १.२ ग्रॅम कमी झालं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हा फरक नीट कळत नाही. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा, सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. छोट्या डबीत बसवून आठवड्यातून एकदा वजन करा आणि लिहून ठेवा. पक्षी ठणठणीत असतानाचा आकडा हाताशी असेल, तरच आजारातला आकडा काही सांगतो. धापा टाकणाऱ्या पक्ष्याला मात्र वजनासाठी पकडू नका.

एवढ्या लवकर का जातो?

आपण छातीखालच्या पडद्याच्या जोरावर श्वास घेतो. पक्ष्यांना तसा पडदा नसतो. त्यांची फुप्फुसं फारशी फुगत नाहीत. शरीरात पसरलेल्या हवेच्या पिशव्या भात्यासारखं काम करतात आणि हवा फुप्फुसातून जवळजवळ एकाच दिशेने वाहती ठेवतात. त्यामुळे प्रत्येक श्वासातून जास्त ऑक्सिजन काढता येतो. उडण्यासाठी तो लागतोच.

मात्र हीच यंत्रणा हवेतलं विषही तितक्याच वेगाने रक्तात नेते. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९० च्या दशकात कोळसा खाणीतला कार्बन मोनॉक्साइड ओळखण्यासाठी लहान प्राणी-पक्षी वापरण्याचा उपाय सुचवला, तो यामुळेच. कॅनरी हाही फिंचच्याच कुळातला. खाणकामगार सावध होण्याआधी तो दांडीवरून कोसळायचा. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. काही पिंजऱ्यांना तर कोसळलेला पक्षी सावरावा म्हणून ऑक्सिजनची छोटी टाकी जोडलेली असे.

यातून आणखी एक गोष्ट कळते. पक्षी छातीचं हाड पुढे-मागे करून श्वास घेतो. त्याची छाती मुठीत आवळली, तर नाकपुड्या मोकळ्या असूनही तो गुदमरतो. आजारी फिंचला घट्ट धरून चोचीत थेंब सोडणं दुहेरी धोक्याचं आहे: छाती दाबली जाते आणि थेंब श्वासनलिकेत जाऊ शकतो.

कारणं कोणती?

माइट्स. गोचिडाच्या नात्यातला हा अतिसूक्ष्म जीव श्वासनलिकेत आणि हवेच्या पिशव्यांत राहतो. गोल्डियन फिंच आणि कॅनरीत जास्त आढळतो. पालक पिल्लांना भरवताना, खोकल्यातून किंवा एकाच वाटीतल्या पाण्यातून पसरतो. अंधाऱ्या खोलीत मानेची पिसं ओली करून त्वचेवर बारीक प्रकाश टाकला, तर सराव असलेल्या पशुवैद्याला नळीत काळे ठिपके दिसू शकतात.

बुरशी. बुरसटलेले दाणे, ओला भुसा, पिंजऱ्यातलं कुजकं गवत यावर अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढते आणि तिचे कण श्वासातून आत जातात. आजार हळूहळू वाढतो, बुरशीविरोधी औषध बरेच आठवडे द्यावं लागतं. अँटिबायोटिकचा इथे काही उपयोग नाही.

जिवाणू आणि विषाणू. यात नाक वाहणं, डोळ्यांभोवती सूज, सुस्ती दिसू शकते. डासांमुळे पसरणारी देवीही कॅनरीसारख्या पक्ष्यांना होते. कोणता जंतू आहे, हे नुसत्या व्हिडिओवरून कुणालाही सांगता येत नाही.

आहार. नुसत्या राळ्यावर, म्हणजे दुकानात कांगणी म्हणून मिळणाऱ्या दाण्यांवर, ठेवलेल्या पक्ष्याला अ जीवनसत्त्व कमी पडतं. त्याने श्वसनमार्गाचं अस्तर कमजोर होतं आणि जंतूंना वाट मिळते. धुतलेली मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेलं गाजर थोडं-थोडं द्यायला हवं.

अडकलेलं अंडं. मादी पिसं फुगवून तळाशी बसली असेल, पोट फुगलेलं असेल आणि धापा टाकत असेल, तर दोष फुप्फुसात नसून पोटात असू शकतो. ही तातडीची वेळ आहे. एरवी पिंजऱ्यात समुद्रफेस ठेवला तर कॅल्शियम मिळत राहतं.

ऊन. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो. पक्ष्यांना घाम येत नाही. ते चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून उष्णता बाहेर टाकतात. दुपारी पिंजऱ्यातले सगळे पक्षी असं करत असतील आणि गारव्यात नेल्यावर थांबत असतील, तर ऊन हे कारण असण्याची शक्यता जास्त. एकच पक्षी करत असेल, सकाळच्या गारव्यातही करत असेल, तर आजार समजा.

सोलापूरच्या घरातली हवा

औषधाच्या दुकानात जाण्याआधी पिंजरा कुठे टांगलाय ते बघा.

शेंगाचटणीसाठी मिरची भाजताना ज्या ठसक्याने माणसं खोकतात, त्या ठसक्यात १२ ग्रॅमच्या पक्ष्याचं काय होत असेल? पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याच्या दारात नकोच. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला, तर त्याच्या लेपातून निघणारा वायू पक्ष्यांना काही मिनिटांत मारू शकतो. हा वायू आपल्याला वासावरून कळेलच असं नाही.

डासांची कॉइल, लिक्विड मशीन, उदबत्ती, धूप, कापूर, डांबरगोळ्या, फिनेल, रूम फ्रेशनर, सिगारेट हे सगळं त्याच यादीत येतं. गल्लीत धूर फवारणीची गाडी आली की पिंजरा आतल्या खोलीत नेऊन खिडक्या बंद करा. दिवाळीत आणि गड्डा यात्रेच्या शोभेच्या दारूकामाच्या रात्रीही तेच करा.

आपल्या शहराची म्हणून एक वेगळी अडचण आहे. पूर्व भागात अनेक घरांना लागूनच यंत्रमाग आहेत. सुताचा बारीक तंतू हवेत तरंगत असतो. बऱ्याच घरांत विडीचं काम चालतं, त्यामुळे तंबाखूची धूळ असते. सुती धुळीने कामगारांच्या छातीला होणारा आजार वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. त्याच खोलीत पिंजरा टांगला, तर पक्षी चोवीस तास तीच हवा घेतो. ज्या हवेत पक्षी टिकत नाही, त्याच हवेत घरातली माणसंही दिवसभर बसलेली असतात, हेही लक्षात घ्यायला हवं.

कूलरचंही तसंच. थेट झोतात पिंजरा ठेवू नका. कूलरच्या ओल्या गवतावर बुरशी धरते, ते वेळेवर बदला. पत्र्याच्या खोलीत वरच्या बाजूला टांगलेला पिंजरा दुपारी भट्टी होतो. तो खाली घ्या.

एका थेंबाचं गणित

माइट्ससाठी आयव्हरमेक्टिन वापरतात, हे बरोबर आहे. चूक आहे ती थेंबात.

पक्ष्यांसाठी साधारण सांगितली जाणारी मात्रा शरीराच्या दर किलोला ०.२ मिलीग्रॅम. पक्षी १२ ग्रॅमचा, म्हणजे त्याला लागतात ०.००२४ मिलीग्रॅम, अर्थात २.४ मायक्रोग्रॅम.

आता जनावरांसाठी मिळणारं १ टक्क्याचं इंजेक्शन घ्या. त्याच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलीग्रॅम औषध असतं. १ मिलिलिटरचे साधारण २० थेंब होतात, म्हणजे एका थेंबात ०.५ मिलीग्रॅम, अर्थात ५०० मायक्रोग्रॅम.

५०० भागिले २.४. उत्तर २०० हून जास्त.

गाई-म्हशींच्या बाटलीतला 'फक्त एकच थेंब' म्हणजे फिंचसाठी दोनशेपट मात्रा. मानेवर टाकलेलं सगळं औषध शरीरात शोषलं जात नाही, हे मान्य केलं तरी हा आकडा भयावहच आहे. हे औषध पाण्यात नीट विरघळत नाही, त्यामुळे घरी पाणी घालून पातळ केलं तर कुठल्या थेंबात किती औषध आलं ते कळत नाही. पशुवैद्य ते योग्य द्रावणात पातळ करून, वजन मोजून देतात आणि काही दिवसांनी पुन्हा देतात. आणखी एक: नळीत माइट्स खूप असतील आणि एकदम मेले, तर त्यांनीच नळी तुंबू शकते. म्हणून योग्य मात्राही देखरेखीखालीच द्यायची.

पाण्यात घालायच्या अँटिबायोटिकचं गणित तर जुळतच नाही. आजारी पक्षी पाणी कमी पितो, म्हणजे औषध कमी मिळतं. मे महिन्यात तोच पक्षी भरपूर पितो, म्हणजे जास्त मिळतं. कडू लागलं तर पाणीच सोडतो. त्रास बुरशीचा किंवा धुराचा असेल तर या औषधाने फायदा शून्य, आणि ज्या दिवसांत निदान व्हायला हवं होतं ते हातचे गेले. अँटिबायोटिक डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम आहे. 'पक्ष्याला पाहिजे' म्हटलं की तो नियम वितळतो. वितळू नये.

पहिल्या तासात काय करायचं?

१. पक्ष्याला स्वच्छ हवेच्या, शांत, अर्धअंधाऱ्या खोलीत न्या. घरात धूर असेल तर आधी तो बंद करा.

२. बाकीच्या पक्ष्यांपासून वेगळा ठेवा. दांडी खाली घ्या. दाणे आणि पाणी चोचीसमोर ठेवा.

३. ऊब द्यायची का, हे खोलीच्या तापमानावर ठरवा. आजारी फिंचला साधारण २८ ते ३० अंश लागतात. थंड देशांतल्या व्हिडिओत 'बल्ब लावा' सांगतात. डिसेंबरच्या रात्री ते ठीक. सोलापूरच्या एप्रिलमध्ये खोलीच ३८ अंशांवर असताना बल्ब लावला तर पक्षी उष्म्यानेच जाईल.

४. ऊन लागलं असेल तर सावली, हवेशीर जागा आणि साध्या पाण्याचा हलका फवारा. बर्फाचं पाणी नको.

५. पकडू नका, चोचीत काही सोडू नका, वाफ देऊ नका, अंगाला बाम लावू नका.

६. पशुवैद्याला फोन करा. व्हिडिओ, वजन, खाणं, विष्ठेचा फोटो, घरात काल काय जाळलं-फवारलं, नवीन पक्षी कधी आणला, हे सगळं सांगा. नेताना छोटा पिंजरा किंवा भोकं पाडलेला खोका कापडाने झाका. भर दुपारी दुचाकीवर नेऊ नका.

सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. तिथे जवळच्या दवाखान्याबद्दल विचारता येतं.

माणसांना धोका आहे का?

घाबरायचं कारण नाही, पण काळजी घ्यायची. सिटॅकोसिस हा जिवाणूजन्य आजार पक्ष्यांकडून माणसांना होऊ शकतो. पोपटांत तो जास्त, फिंचमध्ये कमी. पिंजरा कोरडा झाडू नका, कागद ओला करून गुंडाळा, मास्क लावा, हात धुवा. पक्षी पाळणाऱ्या घरात कुणाला ताप आणि कोरडा खोकला राहिला, तर डॉक्टरांना पक्ष्यांबद्दल सांगा.

मार्च २०२५ मध्ये सोलापूर शहरात कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लूचं निदान झालं, हे आपण अजून विसरलेलो नाही. महाराष्ट्राने २००६ मध्ये नवापूरला देशातली पहिली साथ पाहिली आहे. म्हणून पिंजरा गच्चीवर उघडा ठेवू नका. कावळे-कबुतरांची विष्ठा दाण्यापाण्यात पडायला नको. एकाच वेळी अनेक पक्षी मेले तर पशुसंवर्धन विभागाला कळवा, गुपचूप पुरू नका.

'नवीन जोडी आणू'

सगळ्यात अवघड भाग हाच. झेब्रा फिंचची जोडी काही शे रुपयांत मिळते. तपासणी, औषध, पुन्हा तपासणी यांचा खर्च त्याहून जास्त होतो. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, 'तेवढ्यात नवीन जोडी येईल.'

हा हिशेब पैशांतही चुकीचा आहे. कारण न शोधता त्याच पिंजऱ्यात, त्याच स्वयंपाकघराच्या दारात नवीन जोडी टांगली, तर तीही आजारी पडणार. नवीन पक्षी आणलाच तर ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवायला हवा. हे किती घरांत होतं?

पैशांपलीकडचं म्हणाल, तर कायदा स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार ज्याच्या ताब्यात प्राणी आहे, त्याच्यावर त्याची नीट काळजी घेण्याची जबाबदारी आहे. किंमत किती, हा प्रश्न कायदा विचारत नाही. पक्षी घेताना पिंजऱ्याचं बजेट काढता, तसंच दवाखान्याचंही काढा. ते जमत नसेल तर पक्षी घेऊ नका. हे कटू वाटेल, पण दोनशे रुपयांत जीव विकत मिळतो म्हणून तो दोनशे रुपयांचा होत नाही.

एक गोष्ट दुकानात जातानाच तपासा. झेब्रा, गोल्डियन हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, पिंजऱ्यात पैदास झालेले पक्षी. आपल्या माळरानावरच्या मुनिया, म्हणजे मनोली, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे. कुणी 'देशी फिंच' म्हणून त्या विकत असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

मग यंत्रणेने काय करावं?

सगळा भार पक्षी पाळणाऱ्यावर टाकणंही बरोबर नाही. आपली पशुवैद्यकीय व्यवस्था गाय, म्हैस, शेळी, कोंबडी यांच्याभोवती उभी राहिली आणि शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात ते योग्यच होतं. पण शहरात घरोघरी पिंजरे आले, त्यांच्यासाठी काही उभं राहिलं नाही. लोक ग्रुपवर विचारतात, कारण दुसरीकडे कुठे विचारायचं हे त्यांना ठाऊक नसतं.

तीन गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. शहरात पक्षी तपासणारे पशुवैद्य कोण, याची यादी पशुसंवर्धन विभागाने आणि महापालिकेने जाहीर करावी. उदगीर आणि शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या तज्ज्ञांनी आठवड्यातून एक दिवस व्हिडिओ कॉलवर जिल्ह्यांतल्या डॉक्टरांना पक्ष्यांबाबत सल्ला द्यावा. आणि २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानांची नोंदणी झाली आहे का, पक्षी कुठून आले याची नोंद ठेवली जाते का, हे कुणीतरी जाऊन तपासावं.

तोपर्यंत तुमच्या हातात जे आहे ते करा. आज पिंजऱ्याची जागा बघा, दाणे हुंगून बघा, ठणठणीत पक्ष्याचं वजन लिहून ठेवा आणि जवळच्या पशुवैद्याला 'तुम्ही लहान पक्षी बघता का?' एवढं विचारून नंबर सेव्ह करा. हा फोन पक्षी बरा असतानाच केलेला बरा.